हेरंबची काळी पाच

हॉलबाहेरच्या भिंतीवर चौदा फोटो होते. प्रत्येकाखाली वर्ष लिहिलेलं, मधलं एकही वर्ष गाळलेलं नाही. एका फोटोत कमीत कमी नऊ मुलं आणि जास्तीत जास्त तेरा. मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा एकशे पंचावन्न आली. पांढरे सदरे, निळे टाय, सगळ्यांची तोंडं गाताना उघडलेली. त्या एकशे पंचावन्न तोंडांत मिसरूड फुटलेलं एकही नव्हतं.

"काय मोजतंस?" गुंडूकाकाने विचारलं. भजनाची पेटी त्याच्या पायाशी होती आणि तिच्यावर त्याने स्वतःची पिशवी ठेवली होती, कोणी पेटी पळवू नये म्हणून.

"इथली मुलं मोठी झाल्यावर कुठे जातात ते बघतेय."

"खंय जातली? घराक जातत."

"कोणत्या घरी? गात होती तोवर फोटो आहेत. पुढे एकही दिसत नाही."

"आता पोलिसाक बोलव," काका म्हणाला. "बीएस्सी झाल्यापासून तुका सगळीकडे खून दिसता."

हेरंब हसला. माझा धाकटा भाऊ, साडेबारा वर्षांचा. त्याच्याचसाठी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने घाट चढून आलो होतो. आईबाबांना येता आलं नव्हतं. एप्रिल होता, बाबा ज्या बागेची राखण करत तिथे हापूस उतरवणं चालू होतं, आणि अशा वेळी बाग सोडली तर पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोणाच्या तरी राखणीत असते.

ही शाळा मीच शोधली होती. गिरिमल्लिका निवासी शाळा. तिची फी वाचून आईने विचारलं होतं, ही एका वर्षाची की अख्ख्या इमारतीची? त्याआधी महिनाभर मी कणकवलीत कोचिंग क्लासात शिकवून आले की इंटरनेटवर खाजगी शाळांच्या संगीत शिष्यवृत्त्या बघत बसायचे. बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्ती म्हणजे फीमध्ये थोडी सूट, किंवा गिटारचा क्लास फुकट. इथे मात्र सगळंच होतं. वृंदगानासाठी निवडलेल्या मुलाला आठवीपासून बारावीपर्यंत शिक्षण, राहणं, जेवण, कपडे आणि गाण्याचा गुरू. घरच्यांनी एक पैसाही द्यायचा नाही.

आमच्या गावातली शाळा सातवीला संपत होती. हेरंबची सातवी झाली होती. गुंडूकाकाचं म्हणणं होतं की पोराने आता त्याच्याबरोबर डबलबारीला फिरावं आणि दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. आमच्या भागात तो पहाटेपर्यंत चालतो आणि माणसं चटया घेऊन येतात. हेरंब तिथला बालबुवा होता. पोस्टरवर त्याच्या नावाआधी 'काळी पाचचा' असं छापलेलं असायचं. ही शिष्यवृत्ती मिळाली तर तो बारावीपर्यंत शिकणार होता. नाहीतर त्या चटयांसमोर.

म्हणून मी त्याला इथे आणलं, आणि म्हणूनच मला इथे कशावरच विश्वास ठेवायचा नव्हता. ज्या अर्थी एवढं सगळं फुकट देतात, त्या अर्थी बदल्यात काहीतरी घेत असणार. काय घेतात, ते मला सापडत नव्हतं.

शाळेने आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं आणि जेवण झाल्यावर चाचणी होईल असं सांगितलं. तिथे काका पेटीवर बसला आणि हेरंबने गळा मोकळा करायला गजर म्हटला. मी फोन काढला. त्यात कंपनसंख्या मोजायचं एक साधं ॲप होतं, क्लासात मुलांना ध्वनी शिकवताना वापरायचे तेच. हेरंब काय गायला, कुठल्या सुरात गायला, याची नोंद माझ्याजवळ असावी असं मला वाटत होतं. उद्या शाळेने म्हटलं की तो बेसूर होता, तर माझ्याकडे आकडा हवा.

काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिथे सा धरून गायला उंच गळा लागतो. तिची कंपनं सेकंदाला दोनशे तेहतीस. फोनवर आकडा आला एकशे शहाण्णव.

मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. एकशे शहाण्णव. काकाची बोटं बघितली. सा ला बोट पाचव्या काळ्या पट्टीवरच पडत होतं.

"हेरंब, जेवून घे जा," मी म्हटलं. "मेसमध्ये शिरा आहे, वास आला मला."

तो गेल्यावर मी आधी हॉलमध्ये जाऊन आले. तिथे पियानो होता आणि आसपास कोणी नव्हतं. मी तीच काळी पट्टी दाबली. फोनने दोनशे तेहतीस दाखवलं. म्हणजे ॲप ठीक होतं. परत आले आणि खाली वाकून काकाच्या पेटीची बाजू बघितली. ती स्केल चेंजर पेटी होती. तिची खुंटी सोडवली की पट्ट्यांचा अख्खा संच डावी-उजवीकडे सरकतो. बोटं तीच, जागा तीच, सूर मात्र दुसरा. काकाच्या पट्ट्या तीन घरं खाली सरकवलेल्या होत्या.

"काका, हे काय आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीतून रुमाल काढून पेटी पुसायला लागला. "पेटी आसा."

"तो काळी पाचात गातच नाहीये. पांढरी पाचात गातोय. त्याला माहीत आहे?"

"तू गप रव."

"माहीत आहे का?"

"नाय."

"लोकांना काळी पाचचा बालबुवा हवा असतो. तो नसेल तर कार्यक्रमाची सुपारी येणार नाही. म्हणून ना?"

काकाचा हात थांबला. "तुका काय वाटता, मी पोराक इकतंय?"

"मला काहीच वाटत नाही. मी विचारतेय. आणि आधी ते मूळ जागेवर आण."

"काळी पाचात नेलंय तर वरचो सा फुटतलो त्याचो. सगळ्यांसमोर." त्याने खुंटीवर हात ठेवला. "हात लावशीत तर बघ."

तेवढ्यात हेरंब तोंड पुसत आला, आणि त्याच्या मागून एक शिपाई, सरांनी बोलावलंय म्हणून.

वृंदगान बसवणारे सिल्व्हेरा सर पन्नाशीचे होते, बुटके, पायांत कॅनव्हासचे बूट. मराठी कोकणी हेलाने बोलायचे. हॉलच्या मधोमध त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ठेवली होती, तीही पियानोला पाठ लावून.

"शिरा किती खाल्लास?" त्यांनी हेरंबला विचारलं.

"दोन वाट्या."

"मग गाणार कसा? बरं, एक ते वीस आकडे म्हण. गाऊन नाही, नुसते बोल."

हेरंबने म्हटले. सर डोळे मिटून ऐकत होते. चौदाच्या आसपास त्यांनी डोळे उघडले आणि त्याच्या गळ्याकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. बाजारात बैलाचे दात बघतात तसं ते होतं.

"पट्टी?"

"काळी पाच," हेरंब म्हणाला. छाती जराशी पुढे काढून.

"वा. आणि हे?"

"चुलते," काका उठून म्हणाला. परक्यांसमोर तो पुस्तकी मराठी बोलायचा. "मीच साथ करतो त्याला. पाच वर्षं झाली."

"करा."

हेरंब गायला, आणि चांगला गायला. मी त्याची बहीण आहे, माझ्या मताला किंमत नाही, पण हॉलच्या दारात दोन मुलं येऊन उभी राहिली आणि गेली नाहीत. गजराच्या शेवटच्या ओळीला तो वरच्या सा वर गेला आणि तिथे थांबला. सर बोटाने गुडघ्यावर ठेका धरून होते. ओळ संपताच त्यांनी खुर्चीवरूनच पाठीमागे हात नेला आणि न बघता पियानोची एक पट्टी दाबली. पाचवी काळी.

पेटीचा सा अजून चालू होता. दोन सूर हॉलमध्ये एकमेकांना चिकटेनात. काकाने भाता सोडला.

"काळी पाच ना?" सर म्हणाले.

हेरंबने काकाकडे बघितलं, मग पियानोकडे. "तो पियानो उतरलाय?" त्याने विचारलं.

"पियानो गेल्या आठवड्यात लावून घेतलाय." सर उठले, पेटीजवळ आले आणि वाकून खुंटीकडे बघितलं. "अच्छा." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"जेवणाच्या वेळेपासून."

"आणि सांगितलं नाहीत."

"तुमच्याबद्दलही मला कोणी काही सांगितलेलं नाही."

त्यांनी भुवया उंचावल्या आणि खुर्चीत परत बसले. "दर वर्षी कोणी ना कोणी काहीतरी करतं. जन्माचे दाखले मी आता वाचतच नाही. गेल्या वर्षी एका बापाने पोराला महिनाभर बोलू दिलं नव्हतं, गळा राखायला. पण सरकवलेली पेटी घेऊन कोणी आलं नव्हतं. अहो, मी पियानोच्या शेजारी बसतो. एवढं तरी लक्षात घ्यायचंत."

"आमच्याकडे पियानो नसतो," काका म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. "आमच्यात पखवाज पेटीला मिळवतात. गाणारा पेटीला मिळवतो. पेटी सांगेल ती काळी पाच. दुसरं काही नसतंच तिथे."

"म्हणजे मी काळी पाचात गात नाही?" हेरंब म्हणाला.

"हेरंबा..."

"कधीपासून?"

काकाने बोटं मोडली. "गणपतीत एक घर. मग दिवाळीत एक. शिमग्याला एक."

हेरंब पेटीकडे असा बघत होता, जणू ती चावेल. ज्या पेटीवर तो सा लावायला शिकला होता तीच ही पेटी.

"सुपारीसाठी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्याच्या नावावर तुझी भजनं चालतात म्हणून."

"रसिका." काकाने पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव घेतलं. मग तो माझ्याशी नाही, सरांशी बोलायला लागला, त्याच पुस्तकी मराठीत, शाळेत धडा म्हणावा तसा. "मीही बालबुवा होतो. हिला माहीत नाही. हिचा बापही त्याबद्दल बोलत नाही. सातवीत होतो. कुडाळच्या बाजूला डबलबारी होती. शेवटचा गजर, वरचा सा. आणि आवाज गेला. फुटला नुसता. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे गाणाऱ्याचा गळा अडकला तर मागचे टाळकरी ओळ उचलतात, लोकांना कळूसुद्धा देत नाहीत. त्या दिवशी कोणी उचलली नाही. माझा बाप मागे टाळ घेऊन बसला होता. त्यालाही सुचलं नाही. समोरच्या बुवाने माइकवर विचारलं, बाळा, गळ्यात बेडूक गेलो काय? आणि लोक हसले. बराच वेळ हसले."

त्याने रुमालाने तोंड पुसलं.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय. पेटी शिकलो. पेटीला आवाज फुटायची भीती नसते."

मला आठवेना. काकाला गाताना मी कधी ऐकलंय का? घरच्या आरतीलासुद्धा तो टाळ्याच वाजवायचा.

"मला वाटलं, हळूहळू खाली आणत नेला तर याला कळणार नाही," काका म्हणाला. "एक दिवस मोठा होईल आणि मोठ्या माणसाच्या आवाजात गात असेल, एवढंच. मध्ये काही फुटलंच नाही असं."

सरांनी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही म्हणालात, आमच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. काय विचारायचंय?"

"बाहेरच्या फोटोंत एकही मोठा मुलगा नाही. बारावीपर्यंत शिष्यवृत्ती आहे म्हणता. मग आवाज फुटल्यावर त्यांना काढून टाकता का?"

"काढत नाही."

"मग त्यांचे फोटो कुठे आहेत?"

"जिन्यात. जाऊन बघा. तिथे गर्दी नाही." त्यांनी सुस्कारा टाकला. "शिष्यवृत्ती ज्यांनी सुरू केली त्यांनी अटच घातली, आवाज गेला तरी मुलाला ठेवायचं. मी दोन वर्षं त्यांच्या उंच आवाजावर कार्यक्रम करतो, हे खरं. फुकट कोणी काही देत नाही, तुमचा संशय बरोबर आहे. पण पुढची तीन वर्षं ती मुलं इथे शिकू शकतात. बहुतेक आपणहून निघून जातात. फी नाही, काही नाही, तरी जातात. पहिल्या रांगेत उभं राहायची सवय झालेली असते. आवाज फुटला की तोंड दाखवायला लाजतात. मी घरी जाऊन आलोय काहींच्या. येत नाहीत."

"म्हणजे हा गेला," मी म्हटलं. "तुम्हाला दोन वर्षं हवीत."

"हा मला सहा महिने देईल. तेही नशीब असेल तर." ते हेरंबकडे वळले. "इकडे ये. पेटी बंद करा हो, बुवा."

काकाने पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

सरांनी पियानोवर पांढरी पाच दाबली. "हा तुझा आजचा सा. तोच गजर. वरच्या सा पर्यंत जायचं. मघाशी कळत नव्हतं म्हणून पोचलास, आता फुटणार आहे. मला ठाऊक आहे, तुलाही आता ठाऊक आहे. मला आवाज ऐकायचा नाहीये. फुटल्यावर तू काय करतोस ते बघायचंय."

"आणि थांबला तर?" मी विचारलं.

"तर ताई, तो इथेही थांबेल. आज नाही तर सहा महिन्यांनी."

आता शिष्यवृत्ती कशावर अवलंबून आहे ते मला कळलं होतं आणि त्यात मी काहीही मोजू शकत नव्हते. दारातली दोन मुलं आता चार झाली होती.

हेरंबने सा लावला. पेटीशिवाय तो मला उघडावाघडा वाटला. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. त्याला आता माहीत होतं, हाच सगळा फरक होता. गेली पाच वर्षं तो वरच्या सा कडे धावत जायचा. आज पायरी चाचपत गेला, आणि फुटला. ओलं लाकूड उभं चिरावं तसा. दारातलं एक पोरगं फिसकन हसलं. सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हेरंब थांबला.

सरांनी पुन्हा पांढरी पाच दाबली.

दुसऱ्यांदा तो वर पोचायच्या आधीच फुटला. त्याने हात मागे बांधले होते. बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. त्याने जमिनीकडे बघितलं आणि मग दाराकडे. जाण्याच्या बेतात असलेला माणूस दाराकडे बघतो तसं.

पियानो तिसऱ्यांदा वाजला. मग हेरंबने ओळ सुरू केली, अगदी हळू, आणि जिथे ती चढायला लागते, फुटायची जागा अजून दोन शब्द दूर होती, तिथे दुसऱ्या कोणीतरी ती उचलली.

मला आधी वाटलं सर गातायत. सरांचं तोंड बंद होतं. आवाज खरखरीत होता, खालच्या सप्तकातला, वापरात नसलेल्या दारासारखा अडकत येणारा. गुंडूकाका उभा होता. पेटी त्याच्या पायाशी बंद होती. तो हेरंबकडे बघत नव्हता, समोर कुठेतरी बघत ओळ ओढत होता. त्याचा सूर कुठे कुठे लागतही नव्हता.

हेरंबचा आवाज वरच्या सा ला फुटला. ओळ चालूच राहिली. काकाच्या आवाजाखालून हेरंब पुन्हा आत शिरला, पुन्हा फुटला, आणि आत आला. दोघं मिळून शेवटच्या शब्दापर्यंत गेले आणि खालच्या सा वर टेकले. दारातलं कोणी हसलं नाही. किंवा हसलं असेल, मी तिकडे बघितलं नाही.

"मी एकट्याला गायला सांगितलं होतं," सर म्हणाले.

"आमच्यात मागचे उचलतात," काका म्हणाला. त्याला धाप लागली होती. "ते सांगायचं राहिलं."

सरांनी पियानोकडे तोंड फिरवलं. "मग पुन्हा," ते म्हणाले. "दोघं. आणि बुवा, तुमचा पंचम उतरतोय."

परत जाताना मी जिन्यात थांबले. तिथे सात फोटो होते, एकेका मुलाचा एकेक. काका खालून ओरडला, "चल गो, गाडी चुकतली," आणि मग त्याला खोकल्याची उबळ आली, ती घाट उतरेपर्यंत अधूनमधून येत राहिली.

दोन वर्षांनी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मी हेरंबला भेटायला गिरिमल्लिकेत गेले. त्याची दहावी सुरू झाली होती. माझ्यापेक्षा बोटभर उंच झाला होता. हॉल रिकामा होता. मी त्याला म्हटलं, सा लाव. त्याने पियानोला हात न लावता लावला. मी फोन पुढे धरला. एकशे सत्तेचाळीस हर्ट्झ, म्हणजे पांढरी दोन. अकरा सेकंद, न हलता.